कानातली गाडी

सोमवारी पहाटे पाच वाजता सर्जेराव मोहितेने किल्ली फिरवली, पण गाडी सुरू झाली नाही. बॅटरी ठीक होती, दिवे लागत होते. मात्र स्टिअरिंगखालच्या काळ्या पेटीवर लाल ठिपका लुकलुकत होता आणि फोनमधली बाई समजुतीच्या सुरात सांगत होती, “आपण सलग सतरा तास वाहन चालवत आहात. कृपया विश्रांती घ्या. आपला जीव मोलाचा आहे.”

“सतरा तास?” सर्जेराव म्हणाला. “अगं बाई, आत्ता अंथरुणातनं उठून आलोय की!”

मागच्या सीटवर बसलेले दोन पेशंट हसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. गाडी पळसवाडीच्या ट्रस्टची होती. कोयनेच्या खोऱ्यातल्या नऊ वाड्यांमधली किडनीची माणसं डायलिसिससाठी कराडला न्यायची आणि परत आणायची, हे तिचं काम. एक तुकडी पहाटे, एक दुपारी. आठवड्यातले सहा दिवस हे सगळं सर्जेराव एकटा करायचा, कारण रुग्ण वाहून नेण्याचा बिल्ला असलेला दुसरा ड्रायव्हर त्या खोऱ्यात उरला नव्हता.

लाल ठिपका होता ‘विसावा’चा. झोपेअभावी होणारे अपघात वाढले म्हणून माणसं वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला तीन वर्षांपूर्वी हे ॲप सक्तीचं झालं होतं. दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस चाकाला हात लावायचा नाही. नियम मोडला, तर पेटी इंजिन सुरू होऊ द्यायची नाही. नियम चांगला होता आणि सर्जेरावलाही तो पटला होता. आधीच्या मालकाकडे तो चोवीस-चोवीस तास गाडी मारायचा, तेव्हा घाटात दोनदा त्याचा डोळा लागला होता.

माणूस गाडी चालवतोय हे ॲपला कळायचं कसं, तर अगदी सोप्या पद्धतीने. हात मोकळे ठेवून फोनवर बोलता यावं म्हणून गाडीत एक संच असतो, हँड्सफ्री. ड्रायव्हर गाडीत बसला की त्याचा फोन त्या संचाला बिनतारी जोडला जातो. जोडला गेला की तास सुरू, तुटला की तास बंद. जुन्या गाड्यांमध्ये ना कॅमेरे होते ना संगणक. जोडणी ओळखणं हाच काय तो स्वस्तातला उपाय होता.

त्या सोमवारी ट्रस्टच्या अध्यक्षांनी धावाधाव करून एक वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक करणारी, जीप मिळवली. तिच्यातून तिघं गेले. चौथी गजराबाई खिंडीपलीकडच्या धनगरवाड्यावर राहायची. तिथपर्यंत जायला जीपवाला तयार झाला नाही. तिची त्या दिवशीची डायलिसिसची पाळी बुडाली. गुरुवारी सर्जेरावने तिला आणलं तेव्हा तिचे पाय खांबासारखे सुजले होते आणि चार पावलं चालून ती दगडावर बसली होती.

“काय वं सर्जेराव,” ती धापा टाकत म्हणाली, “सोमवारी वाट बगून डोळं फुटलं माजं.”

सर्जेरावला तिचं बोलणं नीट ऐकू आलं. हीच तर खरी गंमत होती. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला जिल्ह्याच्या शिबिरात त्याला श्रवणयंत्रं मिळाली होती. इंजिनाच्या शेजारी वीस वर्षं काढून त्याचे कान जवळजवळ गेले होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून परवान्यावर शिक्काच बसला होता, ‘यंत्र लावल्याशिवाय वाहन चालवू नये.’ यंत्रं नव्या पद्धतीची होती. कानात बसणारे दोन छोटे मणी नुसतं ऐकून घ्यायचे. आवाज साफ करायचं काम खिशातला फोन करायचा आणि साफ झालेला आवाज परत कानात पाठवायचा. त्यामुळे यंत्र स्वस्त झालं होतं, पण फोनशिवाय ते बहिरंच. सरकारी योजनेतलं यंत्र कुणी विकू नये म्हणून ते एकाच फोनला कायमचं बांधूनही दिलेलं असायचं. विसावाही ड्रायव्हरच्या नावावर नोंदलेल्या त्याच एका फोनवर चालायचं, दुसऱ्या फोनवर हलवता यायचं नाही.

घरी आल्यावर उज्ज्वला, त्याची बायको, त्याच्या कानांकडे बघून म्हणाली होती, “माझ्यापेक्षा भारी कानातलं तुमचं!” तेव्हापासून घरात सगळे त्या यंत्राला ‘कानातलं’च म्हणू लागले. त्या दिवशी सर्जेरावने ते काढलंच नाही. दहावीतल्या प्राचीकडून त्याने इंग्रजीचा अख्खा धडा वाचून घेतला. झोपतानाही ते कानातच राहिलं. कडेच्या खाटेवरून येणारा आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, श्वास ऐकत तो झोपला.

म्हणजे दुपारी बारा ते पहाटे पाच. बरोबर सतरा तास.

हा हिशोब लागला प्राचीला. तिने फोन घेऊन बाबांना अंगणात बसवलं, कानातलं घालायला लावलं आणि विसावा उघडलं. गाडी पन्नास पावलांवर कुलूपबंद उभी होती. ॲपमध्ये हिरवी अक्षरं उमटली, ‘प्रवास सुरू.’ तिने बाबांना कानातलं काढायला खूण केली. ‘प्रवास समाप्त.’

“बाबा,” ती ओरडून म्हणाली, “त्याला वाटतंय तुमच्या कानात गाडी आहे!”

परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि तक्रार ॲपवरच करायला सांगितलं. ॲपने नोंदणी क्रमांक दिला. ट्रस्टच्या अध्यक्षांनी पुण्यात कुणाकुणाला फोन केले आणि तीन आठवड्यांनी एका शनिवारी केतकी ओक नावाची तिशीतली मुलगी पळसवाडीला आली. विसावातला जोडणी ओळखणारा भाग तिनेच लिहिला होता. तिला कुणी पाठवलं नव्हतं. तक्रार वाचून तीच एसटीने आली होती.

ओसरीवर बसून तिने यंत्र आपल्या संगणकाला जोडलं आणि बराच वेळ आकडे वाचत राहिली. मग तिने सर्जेरावला कानातलं घालायला सांगितलं.

“दादा, असं असतं,” ती म्हणाली, “दोन यंत्रं पहिल्यांदा भेटतात तेव्हा आपली ओळख सांगतात. मी हेडफोन, मी घड्याळ, मी गाडीतला संच. प्रत्येक जातीला एक ठरलेला आकडा असतो. ॲप तो आकडा बघतं. तुमच्या यंत्राच्या कारखान्याने आतला चिपचा तुकडा तयार विकत घेतलाय, गाड्यांच्या संचासाठी बनवलेला. ऐकणं आणि बोलणं, दोन्ही करणारा तोच स्वस्त मिळतो. पण त्याचा आकडा बदलायचा राहिला. त्यामुळे हे यंत्र स्वतःला गाडी म्हणवतं.”

“मग सांगा की त्याला, तू गाडी न्हाईस म्हणून.”

केतकी हसली नाही. “आकडा तुकड्यात कोरलेला आहे. मला तो पुसता येत नाही. आणि कारखाना बंद पडलाय.”

“मग तुमच्या ॲपला सांगा. ह्या माणसाचं कानातलं सोडून दे म्हणावं.”

“पूर्वी तशी सोय होती. आम्ही अपवादांची यादी ठेवायचो. मग लोकांनी गाडीच्या संचालाच श्रवणयंत्र म्हणून नोंदवलं. बहिरेपणाचे खोटे दाखले आणले. तीस-तीस तास गाड्या चालवल्या. त्यातून एक मोठा अपघात झाला. तेव्हापासून यादी कायद्यानेच बंद आहे. ती उघडायची तर समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक चार महिन्यांनी आहे.”

उज्ज्वला दारात उभी होती. तिने विचारलं, “तवर काय करायचं, ताई?”

केतकीने संगणक मिटून पिशवीत घातला. शेवटी ती म्हणाली, “गाडी चालवताना घालावंच लागेल. परवान्यावर लिहिलंय तसं. घरी आलात की… काढून ठेवा.”

गणित साधं होतं. दोन तुकड्यांची ने-आण आणि वाड्यांचे फेरे धरून सर्जेरावचे रोजचे नऊ तास गाडीत जायचे. मर्यादा दहाची. म्हणजे घरासाठी दिवसाला एक तास. रविवारी पूर्ण विश्रांती, म्हणजे रविवारी शून्य.

असा मग त्या घरात एक नवाच रिवाज सुरू झाला. “आज कुठला तास?” सकाळी चहा देताना उज्ज्वला बोटाने कानाकडे खूण करून विचारायची. प्राचीला संध्याकाळचा हवा असायचा, कारण शाळेतलं सगळं तेव्हाच सांगायचं असायचं. उज्ज्वलाला जेवणानंतरचा. घरातल्या अडीअडचणी, माहेरचं काही, पोरीच्या पुढच्या शिक्षणाचं, सगळं ती मनात साठवून ठेवायची आणि त्या तासात भरभर बोलून टाकायची. कधी बोलता बोलता फोन इशारा द्यायचा, दहा मिनिटं शिल्लक. मग ती गडबडून म्हणायची, “ऱ्हाऊ द्या, उद्या सांगते.” कधी दोघी भांडायच्या आणि भांडणातच पाव तास जायचा. सर्जेराव मध्ये बसून दोघींच्या तोंडाकडे बघत राहायचा.

गाडीत मात्र त्याला सगळं ऐकू यायचं. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाच्या म्हशीला किती दूध आहे, कुणाला सुई लावताना किती दुखतं. परक्या माणसांच्या घरातलं त्याला आता स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. एकदा तो उज्ज्वलाला म्हणालाही, “तुमी समदी गाडीतच ऱ्हायला या.” ती हसली आणि लगेच आत निघून गेली.

आप्पांसाठी वेगळा तास काढायची गरज कुणाला वाटली नव्हती. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून घरघरीशिवाय काही निघत नव्हतं. सर्जेराव त्यांना अंघोळ घालायचा, भात कुस्करून भरवायचा आणि त्यांच्याशेजारी बसायचा. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्यांचं बरं चाललं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी उज्ज्वला आणि प्राची लग्नाला गेल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला सर्जेराव आप्पांच्या खाटेपाशी बसून शेंगा फोडत होता. त्याच्या मनगटावर हात पडला. त्याने वर पाहिलं. आप्पांचे ओठ हलत होते.

घरघर करताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं. आज तसं नव्हतं. ओठ मिटत होते, उघडत होते, जीभ टाळूला लागत होती. ते शब्द होते. सर्जेरावला त्यातला एकच ओळखू आला, कारण लहानपणापासून तो त्याने त्यांच्या तोंडावर पाहिला होता. ‘सर्जा.’ पुढचं काहीच कळेना.

“आप्पा? बोलताय व्हय तुमी?” तो ओरडला. स्वतःचा आवाजही त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

आप्पांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते बोलतच होते. घाईघाईने नाही, शांतपणे, काही सांगायचं ठरवून ठेवल्यासारखे. घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारचं घर कुलूपबंद होतं, सगळी वस्तीच लग्नाला गेली होती.

सर्जेराव उठला. कोनाड्यातून त्याने डबी घेतली, उघडली, मणी हातात घेतले. दुसऱ्या हातातल्या फोनवर विसावा उघडलं होतं. ‘साप्ताहिक विश्रांती. पंधरा तास पूर्ण. नऊ तास बाकी.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘विश्रांती खंडित झाल्यास चोवीस तासांची गणना नव्याने सुरू होईल.’

कानातलं घातलं तर उद्या दुपारपर्यंत गाडी निघणार नव्हती. उद्या सोमवार. उद्या गजराबाईची पाळी. मागच्या वेळी एक पाळी बुडाल्यावर तिची काय अवस्था झाली होती हे त्याने पाहिलं होतं. नंतर डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर ती तग धरणार नाही. पहाटेच्या गाडीत आणखी तिघं असणार होते. वडापवाल्याने मागच्याच महिन्यात जीप विकली होती.

तो तसाच उभा राहिला. हातात मणी, समोर आप्पांचे हलणारे ओठ. मग त्याने मणी डबीत ठेवले, डबी बंद केली आणि खाटेवर बसून आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला.

“आप्पा, उद्या सांगा,” तो मोठ्याने म्हणाला. “आज मला ऐकू येत न्हाई. उद्या सांजच्याला कानातलं घालतो. समदं ऐकतो. उद्या.”

आप्पा थांबले. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग कानाकडे. मग त्याच्या हातावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले.

संध्याकाळी उज्ज्वला आणि प्राची परतल्या तेव्हा ते झोपले होते. सर्जेरावने घडलेलं सांगितलं. प्राचीने आजोबांच्या कानाशी जाऊन हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले, हसल्यासारखं केलं, पण तोंडातून निघाली ती जुनीच घरघर.

“बाबा,” प्राची वळून म्हणाली. तो तिच्या ओठांकडे बघत होता म्हणून ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. “फोन… हातात… होता. रेकॉर्ड… का नाही… केलंत?”

हे त्याला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून हवं तितक्या वेळा ऐकता आलं असतं. प्राचीला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि ती रडायला लागली. “तसं नाही बाबा, तसं नाही,” असं काहीतरी ती म्हणत होती. ते त्याला ऐकू आलं नाही.

सोमवारी पहाटे गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्याने गजराबाईला खिंडीपलीकडून घेतलं, बाकीच्यांना घेतलं आणि आठच्या आत दवाखान्याच्या दारात गाडी लावली. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तशी फोनमधली बाई बोलू लागली. “आपण वाहन चालवत असल्याने सहा कॉल थांबवून ठेवले होते.” सगळे उज्ज्वलाचे होते. पहिला सहा वाजून दहा मिनिटांचा. आप्पा गेले होते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी केतकीचा फोन आला. सर्जेरावने कानातलं घालून घेतला. कामावरून सुटी होती, त्यामुळे तासांची ददात नव्हती. घरात दिवसभर सगळं ऐकू येत होतं. सांत्वनाला येणाऱ्यांची बोलणी, भांड्यांचे आवाज, आप्पांची खाट ओढून बाहेर काढताना झालेला आवाजसुद्धा.

केतकीला आप्पांचं ठाऊक नव्हतं. ती दुसरंच काही सांगत होती. त्या कारखान्याची यंत्रं कुणाकुणाला वाटली गेली, याची यादी तिने मिळवली होती. त्यांतली एकशे चौऱ्याण्णव माणसं विसावात ड्रायव्हर म्हणून नोंदलेली होती. तिने त्यांचे रोजचे तास काढून पाहिले होते.

“सुरुवातीला सगळ्यांच्या गाड्या अडकल्या होत्या, दादा. पंधरा तास, वीस तास. मग एकेक करून सगळ्यांचे तास खाली आले. आता जवळजवळ सगळे रोज नऊ तास पन्नास मिनिटं, नऊ पंचावन्न, असे दहाच्या काठावर येऊन थांबतात. तक्रार फक्त तुमची आहे. समितीला वाटतं, नियम उत्तम पाळला जातोय. ही माणसं त्या शेवटच्या तासात गाडी चालवत नाहीत. ती घरी बसून ऐकतायत. मोजून.”

“मग सांगा की समितीला.”

“सांगितलं, परवाच्या बैठकीत. एकशे चौऱ्याण्णव म्हणजे फार थोडे, म्हणाले. पुढच्या बैठकीत बघू.” मग तिने विचारलं, “घरी सगळे बरे आहेत ना?”

सर्जेरावने तिला सांगितलं. सगळं नाही, थोडंच. पलीकडून नुसता श्वास येत होता, यंत्राने तोही साफ करून त्याच्या कानात आणून सोडला. मग फोन बंद झाला.

तेरावं आटोपल्यावर गुरुवारी तो पुन्हा कामावर गेला. सुटीत त्याच्या जागी ट्रस्टने मिनतवाऱ्या करून दुसऱ्या दिवसापासून साताऱ्याहून एक बदली ड्रायव्हर आणला होता, तो परत गेला. खिंडीपलीकडे गजराबाई रस्त्यापर्यंत स्वतःच चालत आली होती. पाय उतरले होते, तोंडावर तरतरी होती. ती मागे न बसता पुढे, त्याच्या शेजारी बसली. दोन वळणं मागे पडली.

“सर्जेराव,” मग ती म्हणाली, “त्या सोमवारी दवाखान्यात कळलं मला. लई वाईट वाटलं बग. आप्पा चांगला मानूस. तरुणपनी आमच्या वाड्यावर यायचा, मेंढरं बगायला.” तिने पदराने तोंड पुसलं. “दीड वर्साचा मुका. पर जायच्या आदी कुनी कुनी बोलतं म्हनं. कायतरी बोलला का रं त्यो?”

मागे बसलेलेही ऐकत होते. सर्जेरावने गिअर बदलला.

प्रश्न त्याला स्वच्छ ऐकू आला होता, अगदी तिच्या धापेसकट. ऐकू आलं नाही म्हणायची सोय या गाडीत नव्हती. तिची पाळी बुडू नये म्हणून आपण आप्पांचं ऐकलंच नाही, हे खरं सांगितलं, तर ही म्हातारी यापुढे दर सोमवारी आणि गुरुवारी हाताला सुई लावून घेताना काय विचार करेल? आणि खोटं सांगायचं, तर आप्पांच्या तोंडी काय घालायचं?